मेरिलिनच्या पाठीवरचा शिक्का

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात पुण्याहून एका तरुण उद्योजकाचा फोन आला. आमच्या एका जुन्या छपाईवाल्या मित्राने त्याला माझा नंबर दिला होता. घराची नवी सजावट करून घेताना त्याने एक चित्र विकत घेतलं होतं. अँडी वॉरहॉलची मेरिलिन मन्रो. गुलाबी चेहरा, पिवळे केस, निळ्या पापण्या. सजावटकाराने 'मर्यादित आवृत्तीतलं अस्सल प्रिंट' असं सांगून बिल लावलं होतं. आकडा इथे देत नाही, पण तेवढ्या पैशात आमच्या सांगलीत एखादं लग्न साधेपणाने पार पडतं. "काका, तुम्ही स्क्रीन प्रिंटिंगमधले. एकदा बघून सांगाल का?"

मी कलासमीक्षक नाही. चौतीस वर्षं लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांचे स्टिकर आणि शाळांची प्रमाणपत्रं छापली. छपाईच्या इतिहासाचा नाद लागला तो रद्दीतून. जुन्या कॅटलॉगांपासून सुरुवात झाली, मग ग्रंथालयं, मग जे मिळेल ते. पदवी यातली कसलीच नाही. त्यामुळे 'तज्ज्ञ' म्हणून कुणी बोलावलं की संकोच वाटतो. पण स्क्रीनचं काम आहे म्हटल्यावर गेलो.

चित्र मोठं होतं, ३६ इंच बाय ३६ इंच. समोरून छपाई निर्दोष. शाईचा थर सपाट, कडा स्वच्छ. मी म्हटलं, चौकट उघडा. सगळे जण प्रिंटचा चेहरा बघतात. ज्याला काही शोधायचंय त्याने पाठ बघावी. पाठीवर निळ्या शाईचे दोन शिक्के होते. एकात प्रकाशकाचं नाव, 'संडे बी. मॉर्निंग'. दुसऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं, 'फिल इन युअर ओन सिग्नेचर', म्हणजे सही तुमची तुम्हीच करा.

मला काय ते कळलं. त्यालाही समजावून सांगितलं. १९६७ सालच्या मूळ प्रिंटच्या पाठीवर वॉरहॉलची पेन्सिलीतली सही असते आणि रबरी शिक्क्याने उमटवलेला क्रमांक असतो. तशी प्रत आज घ्यायची तर पुण्यातल्या चांगल्या फ्लॅटची किंमत मोजावी लागेल. ही प्रत त्या जातीची नव्हे. त्याचा चेहरा उतरला, पण मुलगा हुशार. त्याने विचारलं, "चित्र तेच, माप तेच, स्क्रीनवरच छापलेलं. मग फरक नेमका कशात आहे?"

मी "सहीत" असं उत्तर दिलं आणि परतीच्या एसटीत बसल्यावर ते मलाच अपुरं वाटू लागलं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मला लांबणीवर टाकता न आलेलं उत्तर आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये गेली. वॉरहॉल तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी चित्रं काढून नाव कमावलेला आणि 'खरा' चित्रकार म्हणून उभा राहू पाहणारा माणूस होता. मूळचा पिट्सबर्गचा. स्क्रीनवर फोटो चढवून कॅनव्हासवर छापायची युक्ती त्याने त्याच उन्हाळ्यात हाती घेतली होती. मेरिलिनच्या मृत्यूनंतर त्याने 'नायगारा' या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा एक फोटो मिळवला. खांद्यापासून खालचा भाग कापण्यासाठी त्यावर रेघा मारल्या. त्या रेघांसकट तो फोटो आज पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात आहे. त्या एका चौकोनातून पुढे किती चेहरे निघाले! लंडनच्या टेट संग्रहालयातल्या 'मेरिलिन डिप्टिक' या १९६२ च्या एकाच कामात पन्नास आहेत, अर्धे रंगीत, अर्धे काळे-पांढरे. १९६४ ची एक निळसर मेरिलिन मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात साडेएकोणीस कोटी डॉलरला गेली. फोटो तोच.

पण ती झाली कॅनव्हासवरची कामं. कागदावरची मेरिलिन १९६७ ची. वॉरहॉलने 'फॅक्टरी अ‍ॅडिशन्स' या नावाने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. एडिशन म्हणजे आवृत्ती आणि अ‍ॅडिशन म्हणजे भर किंवा बेरीज, असा त्यात श्लेष आहे. दहा प्रिंटचा एक संच, प्रत्येक प्रिंटची रंगसंगती निराळी. असे २५० संच, शिवाय ए ते झेड अक्षरांचे २६ संच कलाकाराच्या प्रती म्हणून. हिशेब केला तर २,७६० कागद होतात. ते वॉरहॉलने स्वतः छापले नाहीत. न्यूयॉर्कच्या एटना सिल्कस्क्रीन प्रॉडक्ट्स या व्यावसायिक छापखान्याने छापले. म्हणजे आमच्यासारख्याच लोकांनी.

इथे जरा रेंगाळतो, कारण हे मला हाताने माहीत आहे. फोटो स्क्रीनवर जसाच्या तसा छापता येत नाही. शाई एक तर जाळीतून उतरते किंवा अडते, मधलं काही नसतं. राखाडी छटा हवी असेल तर फोटोचे बारीक ठिपके पाडावे लागतात. दाट जागी मोठे ठिपके, फिकट जागी लहान. त्यांची फिल्म करायची, म्हणजे आमच्या भाषेत पॉझिटिव्ह. लाकडी चौकटीवर ताणलेल्या नायलॉनच्या जाळीला बायक्रोमेट घातलेलं इमल्शन लावायचं आणि अंधारात वाळवायचं. मग पॉझिटिव्ह चिकटवून उजेड द्यायचा. आम्ही सुरुवातीला काच ठेवून गच्चीवर उन्हात द्यायचो. ढग आला की स्क्रीन फुकट. जिथे उजेड पोचला तिथे इमल्शन कडक होतं, जिथे ठिपक्याने अडवला तिथलं पाण्याने धुऊन निघतं. त्या उघड्या छिद्रांतून रबरी स्क्वीजीने शाई ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन.

कागदावरच्या मेरिलिनला पाच स्क्रीन लागल्या. चार सपाट रंगांच्या आणि पाचवी फोटोच्या ठिपक्यांची. म्हणजे रंगाच्या स्क्रीनमध्ये मेरिलिन नाहीच. पिवळा डाग, गुलाबी डाग, ओठांचा तुकडा, एवढंच. पाचवी स्क्रीन चढते आणि माणूस दिसतो. रंग जुळले नाहीत तर आम्ही म्हणायचो 'रजिस्टर हललाय' आणि गिऱ्हाईक माल परत करायचं. वॉरहॉलने हललेला रजिस्टर तसाच ठेवला. पापणीचा निळा पापणीबाहेर, ओठांचा लाल ओठांबाहेर. पहिल्यांदा पुस्तकात पाहिलं तेव्हा मला रागच आला होता. ज्यासाठी मी शिव्या खाल्ल्या, त्याचे याला कौतुकाचे हार! पुढे लक्षात आलं, हा रंग चेहऱ्याचा नाहीच. स्वस्त मासिकाच्या कव्हरवरच्या छपाईचा आहे. बाईला जसं छापून विकलं गेलं, तेच त्याने छापलं.

आता आवृत्तीच्या 'मर्यादे'कडे येतो. तिचा जन्म धातूच्या अशक्तपणातून झाला. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढून छापलेल्या चित्राच्या काही डझन प्रती उत्तम येतात, मग कडा झिजतात आणि रेघ मरते. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत यांत डोळ्याला दिसणारा फरक असतो. तरी रेम्ब्राँच्या पत्र्यांवरून त्याच्या मृत्यूनंतरही पिढ्यान्‌पिढ्या छपाई होत राहिली, पत्रा दुरुस्त करून करून. कोण अडवणार? मर्यादा जाहीर करायची, सही करायची, ही रीत पक्की झाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. व्हिस्लरचा व्हेनिसच्या बारा चित्रांचा संच लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने १८८० मध्ये काढला, तो शंभर संचांचा जाहीर करून. व्हिस्लर कागदाचा समास कापून टाकायचा, खाली एक छोटा कान शिल्लक ठेवायचा आणि त्यावर पेन्सिलीने आपलं फुलपाखराचं चिन्ह काढायचा. कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या सहीला मोल आलं ते या काळात.

स्क्रीनला असा अशक्तपणा नसतो. नीट धुतलेली स्क्रीन हजारो कागद काढते. मी एका सहकारी बँकेचे आठ हजार स्टिकर एका जाळीवर काढले आहेत, पहिला आणि शेवटचा ओळखून दाखवा. मग २५० हा आकडा कुठून आला? तो शाईतून आला नाही, जाळीतूनही नाही. तो दिलेला शब्द आहे. छापणारा म्हणतो, यापुढे मी थांबतो. घेणारा त्या थांबण्याचे पैसे देतो.

आणि हा शब्द किती नाजूक असतो याचं उदाहरण म्हणजे पुण्यातल्या त्या पाठीवरचा निळा शिक्का. १९७० च्या सुमाराला बेल्जियममधून मेरिलिनचे नवे संच बाजारात आले. सांगितलं जातं ते असं, की वॉरहॉलनेच तिथल्या काही जणांबरोबर हा उद्योग योजला होता, त्यांना मूळ फिल्म आणि रंगांची माहिती दिली होती आणि मग संबंध बिनसले. त्या पहिल्या प्रतींच्या पाठीवर तेच शिक्के होते, काळ्या शाईत. निळे शिक्के नंतरच्या छपाईचे, आणि ती संख्येची मर्यादा न पाळता चालू राहिली. गंमत पुढेच आहे. काही जणांनी या प्रती वॉरहॉलसमोर नेल्या. त्याने 'हे मी केलेलं नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहिलं आणि खाली सही ठोकली. आता ती प्रत कुणाची? संग्राहक अशा प्रतींना जास्त मोल देतात. मला हे वाचून हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. नाकारणाऱ्या सहीनेही किंमत वाढत असेल, तर सहीचा करण्याशी संबंध उरला कुठे?

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, कारण आपली छपाई उलट्या दिशेने वाढली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींवर क्रमांक नव्हते. जितक्या घरांत जाईल तितकी बरी, हाच हिशेब. माझ्या आजीने देव्हाऱ्याशेजारी लावलेल्या सरस्वतीची अमुक इतक्यांतली अमुक प्रत आहे, असं कुणी सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, "बाकीच्यांना दिली नाही का?"

इथपर्यंत आलो तेव्हा वाटलं, उत्तर मिळालं. फरक दिलेल्या शब्दाचा. पण लिहायला बसलो आणि ध्यानात आलं की या व्यवहारात मी सगळा वेळ दोनच माणसं धरली होती, छापणारा आणि घेणारा. पाचव्या स्क्रीनवरचा फोटो कुणाचा?

तो सहसा जीन कॉर्नमन यांच्या नावावर मांडला जातो. हे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीचे फोटोग्राफर. त्यांनी उजेड लावला, तिला मान तिरपी करायला लावली, पापण्या अर्ध्या मिटलेला तो क्षण पकडला. पगारी काम, फोटो कंपनीचा. २५० संचांच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नाही.

फोटोतल्या बाईचं काय, हा प्रश्न इंग्लंडच्या रिचर्ड हॅमिल्टनला पडला होता. त्याचं 'माय मेरिलिन' हे १९६५ चं स्क्रीनप्रिंट लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत ख्रिस प्रेटर यांच्याकडे छापलं गेलं. आधार होता जॉर्ज बॅरिस यांनी १९६२ मध्ये काढलेल्या फोटोंचा. ते फोटो मेरिलिनला मंजुरीसाठी दाखवले होते आणि तिने नापसंत फोटोंवर स्वतः फुल्या मारल्या होत्या, खोडलं होतं. हॅमिल्टनने त्या फुल्याच छापल्या, वर रंग चढवला. वॉरहॉलइतकी ती प्रसिद्ध झाली नाही. पण मला विचाराल तर दोघांत मी हॅमिल्टनची घरी लावेन. त्यात तिचा हात आहे. आपला चेहरा छापला जाऊ नये म्हणून तिने ओढलेली रेघ आहे. (ती न जुमानता छापलंच, हाही त्यातलाच भाग.)

फोटोग्राफर गप्प बसले नाहीत. वॉरहॉलने १९६४ मध्ये फुलांची मालिका केली, ती 'मॉडर्न फोटोग्राफी' मासिकाच्या जून १९६४ च्या अंकातल्या जास्वंदीच्या फोटोवरून. फोटो पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांचा, त्या मासिकाच्याच संपादकवर्गातल्या. १९६६ मध्ये त्यांनी दावा लावला, तो तडजोडीने मिटला. पुढच्या काळात वॉरहॉल पोलरॉइड कॅमेऱ्याने स्वतःच फोटो काढू लागला. चित्रकलेच्या पुस्तकांत याला 'शैलीतला बदल' म्हणतात. मला त्यात वकिलाची फीही दिसते.

खरा निकाल लागला तो वॉरहॉलच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'ने चारशे डॉलर देऊन, एकदाच वापरायच्या अटीवर, तो चित्रकाराला संदर्भ म्हणून घेतला. चित्रकार वॉरहॉल. त्याने एकाऐवजी सोळा कामं केली. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर मासिकाच्या कंपनीने त्यातलं नारिंगी चित्र खास अंकाच्या कव्हरवर छापलं आणि वॉरहॉल फाउंडेशनला दहा हजार डॉलर दिले. गोल्डस्मिथ यांना पैसे नाहीत, नावही नाही. त्यांनी ते अंकात पाहिलं तेव्हा कळलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालाची मर्यादा समजून घ्यायला हवी. वॉरहॉलने चित्रं काढली हे चूक, असं न्यायालय म्हणालं नाही. प्रश्न होता त्या कव्हरच्या परवान्याचा. फोटोही मासिकांना व्यक्तिचित्र म्हणून विकला जातो आणि रंगवलेला फोटोही त्याच कामासाठी विकला गेला, मग फोटोवालीला डावलण्याचं समर्थन 'न्याय्य वापर' म्हणून होत नाही, असा त्याचा साधारण आशय. न्यायमूर्ती केगन यांनी कडक विरोधी मत नोंदवलं. अशाने कला आटेल, असं त्यांना वाटतं. त्यांचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही, कारण कलेत कोण कुणाकडून घेत नाही?

तरी मी गोल्डस्मिथ यांच्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे. १९९४ च्या दिवाळीत मी स्वतःची भेटकार्डं काढली होती. कृष्णेच्या पुरातला आयर्विन पूल, नारिंगी आकाश, निळं-काळं पाणी. तीन स्क्रीन. पाचशे कार्डं चार दिवसांत संपली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, अजूनही. पुलाचा फोटो गावातल्या एका वयस्कर फोटोग्राफरचा होता. एका स्मरणिकेत छापून आला होता, तिथून मी तो उचलला. पाचव्या दिवशी तात्या दुकानात आले. हातात माझंच कार्ड. म्हणाले, "रंग झकास दिलेस रे. हा पूल मी काढलाय. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून." मी ओशाळून पैसे काढायला लागलो. त्यांनी हात धरला. "पैसे नको. उरलेली किती आहेत?" अकरा होती. त्यांनी ती मागून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि काउंटरवर बसून प्रत्येकाच्या पाठीवर आपलं नाव आणि पुराचं साल लिहिलं. एक मला परत दिलं. ते माझ्याकडे आहे.

आपल्याकडे नेमका उलटा अन्यायही झालाय. जुन्या स्टुडिओंतल्या हाताने रंगवलेल्या फोटोंत स्टुडिओचं नाव पुठ्ठ्यावर ठसठशीत असतं आणि रंगवणाऱ्याचा पत्ताच नसतो. आमच्या घरातल्या पणजोबांच्या फोटोत पगडीचा लाल इतका नेमका आहे की सूत मोजावं. कुणी दिला? ठाऊक नाही. म्हणून उदयपूरचं एक काम मला महत्त्वाचं वाटतं. वास्वो एक्स. वास्वो हे तिथे स्थायिक झालेले अमेरिकन छायाचित्रकार. रंगवलेल्या पडद्यासमोर माणसं उभी करून ते काळे-पांढरे फोटो काढतात, मर्यादित आवृत्तीत छापतात आणि प्रत्येक प्रत राजेश सोनी हाताने रंगवतात. सोनींचे आजोबा प्रभुलाल हे महाराणा भूपालसिंहांच्या दरबारी फोटोग्राफर होते, म्हणजे कसब घराण्यातलं. हाताने रंगवल्यामुळे तिसरी प्रत चौथीसारखी तंतोतंत होत नाही. शिवाय रंगवणाऱ्याचं नाव फोटोग्राफरच्या नावाबरोबर येतं. परदेशी माणूस राजस्थानी माणसांना पडद्यासमोर उभं करतो, यावर आक्षेप घेणारेही आहेत आणि ते ऐकण्याजोगे आहेत. पण नावापुरता हिशेब इथे चुकता आहे.

पुण्याच्या त्या मुलाकडे मी कोजागिरीनंतर पुन्हा गेलो. सजावटकाराने बरीच रडारड करून अर्धे पैसे परत दिले होते. चित्र काढून टाकायचं की ठेवायचं, हे त्याने माझ्यावर सोडलं. मी म्हटलं, आवडत असेल तर ठेव, छपाई चांगली आहे. मग तो म्हणाला, "पाठीवर खरं काय ते लिहून ठेवता का? उद्या मुलं विकायला गेली तर फसवल्यासारखं नको."

मी मऊ पेन्सिल मागितली. चौकट उताणी ठेवून निळ्या शिक्क्यांच्या खाली लिहिलं. फोटो : जीन कॉर्नमन यांचा मानला जातो, 'नायगारा', १९५३. रंगयोजना : अँडी वॉरहॉल, १९६७, त्यावरून. ही प्रत नंतरच्या छपाईची, क्रमांक नाही. छापणाऱ्याचं नाव लिहायला गेलो आणि पेन्सिल थांबली. निम्म्याहून अधिक आयुष्य ज्या कामात गेलं, त्याचा रकाना मला कोरा सोडावा लागला.

"आणि सही?" त्याने शिक्क्याकडे बोट दाखवून विचारलं. "'तुमची तुम्हीच करा' म्हणतंय."

मी पेन्सिल त्याला परत दिली. त्याने ती खिशात ठेवली आणि आम्ही दोघांनी मिळून चौकटीचे खिळे परत बसवले.